पेपर पाठवण्याआधी : नाशिकच्या एका ग्रंथपालाकडून

पीएच.डी. करणारी मुलं माझ्याकडे साधारण दोन कामांसाठी येतात. एक, "मॅडम, प्लेजरिझम चेक करून द्या." दुसरं, "मॅडम, हे जर्नल चालेल ना?" प्रश्न दोन्ही रास्त आहेत, पण ते विचारायची वेळ बहुधा टळून गेलेली असते. पेपर लिहून झालेला असतो, गाईडची सही झालेली असते, कधी कधी फीसुद्धा भरलेली असते. प्रकाशनातली नीतिमत्ता म्हणजे सगळं झाल्यावर मारायचा शिक्का, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या मते त्यातलं निम्मं काम संशोधनाच्या पहिल्या महिन्यातच असतं, आणि ते मुख्यतः अवघड प्रश्न वेळेवर आणि लेखी विचारण्याचं असतं.

मी इथल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या वाचनकक्षात कांद्याच्या साठवणीवर काम करणारा निफाडचा मुलगा आणि सुरगाण्याकडच्या कोकणा आदिवासींच्या लोकगीतांवर काम करणारी मराठीची मुलगी एकाच टेबलावर बसतात. शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे आणि पुणे विद्यापीठाला जोडलेली कॉलेजं आहेत. त्यामुळे आयुर्वेद, नर्सिंगपासून वाणिज्यापर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकायला मिळतात. पहिला पेपर लिहिणाऱ्यांना त्यातलं जे उपयोगी पडेल, ते सांगते.

नावं कामाआधी ठरवा

सगळ्यात जास्त रडारड होते ती लेखकांच्या नावांवरून. साम्याच्या टक्केवारीवरून नाही, जर्नलवरून नाही, नावांवरून.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. 1978 साली व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांपासून तिची सुरुवात झाली. लेखक कोणाला म्हणायचं याच्या तिने चार अटी घातल्या आहेत. कामाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात वैचारिक भर घालून तो सुधारण्यात वाटा हवा. अंतिम मसुद्याला संमती हवी. आणि उद्या कोणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही अटी पूर्ण झाल्या पाहिजेत, त्यातल्या दोन चालत नाहीत. हे नियम वैद्यकाचे असले तरी इतर शाखांनाही ते मोजपट्टी म्हणून चालतात.

आता आपल्याकडचं वास्तव. प्रमोशनच्या फाईलसाठी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमांत गुणांची वाटणी दिली आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के गुण. दोनापेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के. म्हणजे दोघांनी मिळून काढलेला एक पेपर 140 टक्क्यांचा होतो. "तू माझं नाव टाक, मी तुझं टाकतो" हा व्यवहार कुठून जन्माला आला, हे यावरून कळावं. विभागप्रमुख आहेत म्हणून त्यांचं नाव, प्राचार्यांनी उपकरण घ्यायला मंजुरी दिली म्हणून त्यांचं नाव, हे चारपैकी एकाही अटीत बसत नाही. अशांचे आभार मानायला पेपरच्या शेवटी जागा असते. नमुने गोळा करायला उन्हातान्हात बरोबर फिरलेल्या प्रयोगशाळा सहायकाचाही उल्लेख तिथे करावा. आणि त्याने निरीक्षणांचा अर्थ लावायला, लिहायलाही हात लावला असेल तर तो लेखकच झाला, मग त्याची पदवी कोणती हे पाहायचं नाही. उलट बाजूही असते. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन विश्लेषण आणि लेखन करून घ्यायचं आणि त्याचं नाव कुठेच येऊ द्यायचं नाही, हाही तितकाच गंभीर प्रकार आहे.

"पण मॅडम, सरांना हे विचारायचं कसं?" तोंडी विचारूच नका. काम सुरू होताना साधा मेल टाका. असा काहीसा:

"आदरणीय सर, कालच्या चर्चेप्रमाणे पहिल्या पेपरसाठी नमुने गोळा करणं, चाचण्या आणि पहिला मसुदा हे मी करेन. आखणी आणि विश्लेषणाची तपासणी आपण करणार आहात. त्यानुसार लेखकांचा क्रम मी आणि मग आपण, असा धरला आहे. काही बदल असल्यास कृपया कळवावं. काम पुढे गेल्यावर कोणाचा वाटा वाढला तर क्रम पुन्हा ठरवू."

यात तक्रारीचा सूर नाही की कोणाचा अपमान नाही. सरांनी "ठीक आहे" एवढंच उत्तर दिलं तरी पुरतं. पुढे वाद झाला तर "आपलं बोलणं झालं होतं" याला काडीची किंमत नसते, या मेलला असते. काही जर्नल हल्ली प्रत्येकाचा वाटा 14 ठरावीक भूमिकांमध्ये लिहून मागतात. क्रेडिट नावाची ती यादी आधीच डोळ्यांखालून घालावी, म्हणजे कोणी काय केलं हे लिहिताना कोड्यात पडायला होत नाही. पेपर पाठवल्यानंतर नाव घालायचं किंवा काढायचं झालं तर संपादक कारण विचारतात आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. रात्रीतून "आणखी एक नाव टाक" असा फोन आला तर हे कारण सांगता येतं, आणि ते खरंही असतं.

परवानगी मागाहून मिळत नाही

माणसांवर संशोधन असेल तर नैतिकता समितीची मान्यता माहिती गोळा करण्याआधी हवी. सर्वेक्षण करून आल्यावर "आता एक पत्र द्या" म्हटलं तर समिती देऊ शकत नाही, आणि दिलं तर ते खोटं पत्र असतं. आरोग्याशी संबंधित कामासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती मुळातून वाचा. औषधोपचाराची चाचणी असेल तर ती सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदवावी लागते, आणि 1 एप्रिल 2018 पासून ही नोंदणी पहिला रुग्ण सामील होण्याआधीच करावी लागते. आयुर्वेदाच्या आणि नर्सिंगच्या मुलांनी ही ओळ भिंतीवर चिकटवून ठेवावी.

संमतीपत्र म्हणजे नुसती सही नव्हे. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या बायकांना प्रश्न विचारायचे आहेत असं समजा. मुकादम शेजारी उभा असताना त्यांनी दिलेला होकार हा होकार नसतो. आधी मुकादमाला चहाला पाठवा. मग "नाही म्हणालात तरी तुमच्या कामावर काही परिणाम होणार नाही" हे त्यांच्या बोलीत सांगा. लिहितानाही जपा. गावाचं नाव बदललं, पण "तालुक्यातलं एकमेव वसतिगृह असलेलं गाव" असं वर्णन केलं, तर नाव बदलून उपयोग काय?

मात्र नाव लपवणं हाच नेहमी सभ्यपणा असतो असं नाही. लोकगीतांवर काम करणाऱ्या आमच्या मुलीने "एक वृद्ध गायिका" असं लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, त्या आजींना विचार तरी. आजींना आपलं नाव हवं होतं, आणि ते द्यायलाच हवं होतं. गाणी त्यांची, ती त्यांच्या तोंडून आली. परवानगी घेऊन नाव देणं हासुद्धा श्रेय देण्याचाच भाग आहे.

दहा टक्क्यांचा घोळ

यूजीसीचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम 2018 चे आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. 10 ते 40, 40 ते 60 आणि 60 च्या वर अशा चढत्या पायऱ्या आहेत. प्रबंधाच्या बाबतीत पहिल्या पायरीला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, दुसरीला एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, तिसरीला नोंदणीच रद्द. छापलेल्या पेपरच्या बाबतीत प्राध्यापकांचा पेपर मागे घ्यायला लावतात. प्रकरण वरच्या पायऱ्यांवर गेलं तर वेतनवाढ थांबते आणि काही वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

लोक हे इथपर्यंत वाचतात आणि 9 टक्के आले की पेढे वाटतात. त्याच नियमांत पुढे असंही म्हटलं आहे की सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य असताच कामा नये. सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडे तेवढे सोडले आहेत. म्हणजे तुमचे 9 टक्के निष्कर्षातून आलेले असतील तर ते वाईटच, आणि 18 टक्के उपकरणांच्या ठरीव वर्णनातून आले असतील तर त्यावर बोलता येतं. आकडा पाहू नका, अहवालातला रंगवलेला मजकूर कुठे कुठे आहे ते पाहा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला देवनागरी म्हणून दिसतच नाही, त्याला तो रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. मग अहवाल शून्य टक्क्यांचा येतो आणि मुलगा खूश होऊन घरी जातो. मी अशी फाईल युनिकोडमध्ये करून आणायला सांगते. त्यातही जुनी मराठी मासिकं आणि स्कॅन केलेले प्रबंध तुलनेसाठी उपलब्ध असतीलच असं नाही. म्हणून मराठीतला कमी आकडा म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत उतरवून स्वतःचा म्हणून दिला तर यंत्राच्या हाती तो सहजी लागत नाही. पण ती चोरीच, आणि त्या विषयातला परीक्षक दुसऱ्या ओळीत ओळखतो. मराठी वाक्याखाली इंग्रजी वाक्य झोपलेलं असलं की ते दिसतंच.

यावरचा उपाय टिपण काढतानाचा आहे. वहीत किंवा झोटेरो या संदर्भ जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टिपण घेताना जसाच्या तसा उतरवलेला मजकूर अवतरणात आणि पान क्रमांकासह लिहा, स्वतःच्या शब्दांतलं वेगळ्या रंगात. सहा महिन्यांनी कोणतं वाक्य कोणाचं हे कोणालाच आठवत नाही. स्वतःच्याच आधीच्या पेपरमधला मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर त्याचाही संदर्भ द्या. 2020 मध्ये यूजीसीने याबद्दल वेगळी सूचना काढली आहे. तुमचाच मराठी लेख इंग्रजीत काढायचा असेल तर आधीच्या प्रकाशकाची परवानगी आणि नव्या संपादकाला स्पष्ट कल्पना, दोन्ही हवं.

चॅटजीपीटीचं थोडक्यात. प्रकाशनाच्या नीतिनियमांवर काम करणारी कोप ही संस्था 1997 पासून आहे. तिने 2023 मध्ये स्पष्ट केलं की एआयला लेखक म्हणून घालता येत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी, ते पेपरमध्ये सांगायचं. भाषा सुधारायला वापरलंत तर मला काही वाटत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. अस्तित्वात नसलेले लेख ते खऱ्यासारखे रचून देतं. प्रत्येक डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून पाहा, आणि जो लेख तुम्ही वाचला नाही तो यादीत नको.

जर्नल कसं पारखायचं

"48 तासांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर 7 च्या वर, ई-सर्टिफिकेट मोफत." असे मेसेज दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर पडतात. (इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्याचा आकडा.) तज्ज्ञांकडून नीट तपासणी व्हायला कित्येक आठवडे, बहुतेकदा महिने लागतात. 48 तासांत फक्त पैसे जमा होतात.

पूर्वी यूजीसीची मान्य जर्नलांची यादी पाहून काम भागायचं. तेही फसवंच होतं. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यापीठांनी सुचवलेली 1009 जर्नल तपासून 2018 मध्ये करंट सायन्समध्ये लेख लिहिला. त्यातली 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून 4305 जर्नल काढली. 2019 मध्ये तिच्या जागी केअर यादी आली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. आता निकष सुचवले आहेत आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर आहे. म्हणून "केअर लिस्टेड" अशी जाहिरात आज कोणी करत असेल तर तोच पहिला इशारा समजा. तुमच्या विद्यापीठाला सध्या काय चालतं ते मात्र विभागात लेखी विचारून घ्या. पीएच.डी.च्या 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची यूजीसीची सक्ती उरलेली नाही, हेही घाईवर बऱ्यापैकी औषध आहे.

मी स्वतः पारखते ती अशी. आधी आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकून नाव, प्रकाशक आणि संकेतस्थळ जुळतं का ते पाहते. आयएसएसएन हा निव्वळ ओळखीचा क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. तो चांगल्या नियतकालिकाला मिळतो तसा वाईटालाही मिळतो. मग शेवटचा अंक उघडून दोन-तीन पेपर वाचते. द्राक्षावरच्या भुरी रोगाशेजारी वस्तू व सेवा कर आणि त्यापुढे संतसाहित्य असेल तर संपादकांनी यातलं नेमकं काय तपासलं असेल? मग संपादक मंडळातलं एक नाव घेऊन त्या व्यक्तीच्या विद्यापीठाच्या पानावर जाते. तिथे या जर्नलचा उल्लेख नसेल तर तिथल्याच पत्त्यावर सरळ मेल करून विचारते. "माझं नाव तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं," असं उत्तर येऊ शकतं. इम्पॅक्ट फॅक्टर सांगितला असेल तर तो क्लॅरिव्हेट या मूळ फॅक्टर काढणाऱ्या कंपनीच्या यादीत आहे का ते बघायचं. मिळतंजुळतं नाव लावलेले दुसरे फॅक्टर बाजारात पुष्कळ आहेत. मुक्त प्रवेशाचं, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारं, जर्नल असेल तर डीओएजे या अशा जर्नलांच्या सूचीत शोधा. थिंक चेक सबमिट नावाची सोपी प्रश्नावलीही आहे.

नकली संकेतस्थळांपासून फार जपा. छापील अंक काढणाऱ्या जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक उचलून दुसराच कोणी संकेतस्थळ उघडतो आणि पैसे घेतो. मराठी, हिंदी, संस्कृतवाल्यांना हा धोका अधिक, कारण मूळ अंकाचं स्वतःचं संकेतस्थळ पुष्कळदा नसतंच. छापील अंक आमच्याकडे किंवा सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सापडला तर त्यावरचा संपादकीय पत्ता आणि फोन बघा, फोन करा, मगच लेख पाठवा.

फी घेतली म्हणजे जर्नल बोगस, असं समीकरण मांडू नका. मुक्त प्रवेशाची कित्येक चांगली जर्नल फी घेतात, कित्येक घेत नाहीत. फी आधीपासून उघड लिहिलेली आहे का, आणि स्वीकृतीचा निर्णय तिच्यापासून वेगळा आहे का, एवढं पाहायचं. "आधी आजीव वर्गणी भरा, मग लेखाचा विचार करू" म्हणणाऱ्यांपासून मी दोन हात दूर राहायला सांगते. आणि इंग्रजीत आहे, परदेशी आहे, म्हणून निर्धास्त होऊ नका. 2013 मध्ये सायन्सच्या एका पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम घातलेला बनावट पेपर 304 जर्नलांना पाठवला होता, त्यातल्या 157 जणांनी तो स्वीकारला.

पाठवल्यानंतर

एका वेळी एकाच ठिकाणी. उत्तर येत नाही म्हणून दुसरीकडे टाकायचा असेल तर आधी पहिल्यांना मागे घेत असल्याचं कळवा आणि त्यांची लेखी पोच येईपर्यंत थांबा. एकाच माहितीचे चार तुकडे करून चार पेपर काढू नका. कच्च्या नोंदी, प्रश्नावल्या, मूळ फोटो जपून ठेवा, आणि पेनड्राईव्हवर एकुलती एक प्रत ठेवू नका.

बोगस जर्नलमध्ये पेपर आधीच अडकला असेल तर? मागे घेण्यासाठीही पैसे मागतात. देऊ नका. कॉपीराइटच्या कागदावर सही केली नसेल तर तसं मेलमध्ये नमूद करा आणि पत्रव्यवहार जपा. तोच पेपर चांगल्या जर्नलला द्यायचा असेल तर झालेला प्रकार संपादकांना पहिल्याच पत्रात सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. लपवलंत तर दुबार प्रकाशनाचा ठपका तुमच्यावर येतो.

छापून आल्यावर चूक सापडली, तर ती स्वतःहून कळवणाऱ्याची अब्रू जात नाही. किरकोळ असेल तर दुरुस्ती छापतात. निष्कर्षच कोसळत असेल तर पेपर मागे घेतात. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा लॅन्सेटमधला 1998 चा पेपर मागे घ्यायला 2010 साल उजाडलं, तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. मागे घेतलेल्या पेपरांचा संदर्भ नकळत देणंही टाळता येतं. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती मोफत बघता येते, आणि झोटेरो अशा नोंदींवर आपणहून लाल पट्टी दाखवतो. 2023 मध्ये हिंदावी या एकाच प्रकाशकाने 8000 हून अधिक पेपर मागे घेतले, तेव्हा आपल्या संदर्भयादीतही एखादा निघू शकतो.

एक-दोन पेपर आले की तुम्हालाच परीक्षणाचं आमंत्रण येईल. आधी ते जर्नल वर सांगितल्याप्रमाणे पारखा. लेखक ओळखीचा असेल किंवा तुम्हीही त्याच प्रश्नावर काम करत असाल तर संपादकांना सांगा. हस्तलिखित एआयमध्ये टाकू नका, मित्राला दाखवू नका, त्यातली कल्पना उचलू नका. गरज नसताना "माझे हे तीन लेख उद्धृत करा" असंही लिहू नका. दिलेल्या मुदतीत जमणार नसेल तर त्याच दिवशी नकार कळवा आणि दुसरं एखादं नाव सुचवा, फक्त आपल्या गाईडचं नको.